पुराचा जमाखर्च : शहराची सहनक्षमता कशी मोजावी?

एखाद्या पेढीची पत ठरविताना जाणता व्यापारी केवळ तिच्या तेजीच्या वर्षातील नफ्याकडे पाहत नाही. मंदीच्या दिवसांत तिने हुंड्या वेळेवर सकारल्या की नाही, गुमास्त्यांना सांभाळले की घरी बसविले, आणि उलाढाल पूर्वपदावर येण्यास किती दिवस लागले, हे तो आधी विचारतो. चांगल्या दिवसांत सर्वच पेढ्या चांगल्या दिसतात. खरी परीक्षा वाईट दिवसांत होते.

नगरांचेही असेच आहे. रुंद रस्ते, झगमगणारे बाजार आणि उंच इमारती यांवरून नगराची समृद्धी कळेल, परंतु त्याची ताकद कळणार नाही. एका रात्रीत आकाश फाटावे तसा पाऊस झाला तर दुसऱ्या दिवशी कोणकोणते व्यवहार बंद पडतात, कितीजणांच्या घरात पाणी शिरते, आणि तेच व्यवहार पुन्हा सुरळीत व्हावयास किती काळ जातो, यावरून नगराची ताकद समजते. पुराचा आघात सोसून पुन्हा उभे राहण्याच्या या शक्तीस आपण 'सहनक्षमता' म्हणू. ही शक्ती मोजता येते काय, आणि येत असल्यास कोणत्या मापाने, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हा विषय केवळ अभियंत्यांचा व सरकारी अधिकाऱ्यांचा आहे असे समजू नये. ज्याची पुंजी दुकानाच्या खालच्या मांडणीवर रचलेली असते, त्याच्याइतका या हिशेबाशी निकटचा संबंध दुसऱ्या कोणाचा असणार?

इंदूरचे पाणी

इंदूर हे माळव्याच्या पठारावर वसलेले शहर. येथे सुरत किंवा सांगलीप्रमाणे महानदीचा पूर येत नाही, म्हणून आपणास पुराचे भय नाही अशी एक समजूत आढळते. ती अपुऱ्या माहितीवर आधारलेली आहे. कान्ह, जिला पुष्कळजण खान नदी म्हणतात, आणि सरस्वती या दोन लहान नद्या शहराच्या मध्यातून वाहतात. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळ त्यांचा संगम होतो आणि पुढे हे पाणी उत्तरेकडे जाऊन उज्जयिनीजवळ क्षिप्रेस मिळते. साऱ्या जुन्या शहराचे पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या मुख्य वाटा याच आहेत. राजवाडा, सराफा, कापड मार्केट, सियागंज हे आपले जुने बाजार या वाटांपासून फारसे दूर नाहीत.

इंदुरास वर्षाकाठी सरासरीने सदतीस-अडतीस इंच पाऊस पडतो. परंतु २०२० च्या ऑगस्ट महिन्यात, २१ व २२ तारखांच्या दरम्यान, अवघ्या चोवीस तासांत सुमारे २६३ मिलिमीटर, म्हणजे दहा इंचांहून अधिक पाऊस झाला. वर्षाच्या पावसाचा चौथा हिस्सा एका दिवसात पडला, आणि १९८१ च्या ऑगस्टातील सुमारे २१२ मिलिमीटरचा जुना विक्रम मागे पडला. या आकड्याचा अर्थ व्यवहारी भाषेत सांगावयाचा तर असा : एक हजार चौरस फुटांच्या छपरावर त्या चोवीस तासांत चोवीस हजार लिटरांहून अधिक पाणी पडले, आणि एक चौरस किलोमीटर वस्तीवर सव्वीस कोटी लिटर.

एवढे पाणी जाणार कोठे? माळव्याची काळी माती एकदा भिजून फुगली की फारसे पाणी आत घेत नाही. तिच्यावर डांबर, सिमेंट व फरशी यांचा थर चढला की उरलासुरला मार्गही बंद होतो. सिरपूर, बिलावली, पिपल्यापाला यांसारखी तलावे म्हणजे पूर्वजांनी पाण्यासाठी उघडलेली जणू बचतखातीच होत; ती जितकी पाणी धरतात, तितका नाल्यांवरचा भार हलका होतो. सिरपूर व यशवंतसागर या दोन जलाशयांना २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळाले. हा मान पक्ष्यांमुळे मिळाला असेल, परंतु पुराच्या जमाखर्चातही अशा जागांची नोंद जमेच्या बाजूस झाली पाहिजे.

इंदूरच्या पुराचा स्वभावही ध्यानात घ्यावा. सांगलीस कृष्णेचे पाणी हळूहळू चढते. आयर्विन पुलाजवळच्या पट्टीवर ४० फुटांवर इशारा व ४५ फुटांवर धोका समजला जातो, आणि लोकांस आवराआवरीस काही अवधी मिळतो. असे असूनही २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांवर गेले आणि अनेक दिवस उतरले नाही. इंदुरात याच्या उलट आहे. येथे पाणी काही तासांत चढते आणि बहुधा काही तासांत उतरते. मात्र इशाऱ्याची वेळ फारच थोडी मिळते. म्हणून सांगलीचे माप इंदुरास जसेच्या तसे लावता येणार नाही. ज्या शहराचा रोग वेगळा, त्याची नाडीही वेगळ्या रीतीने पाहावी लागते.

कोणत्या मापाने मोजू नये

पूर आला की वर्तमानपत्रांत दोन आकडे ठळकपणे छापून येतात : पाऊस किती इंच झाला आणि नुकसान किती कोटींचे झाले. दोन्ही आकडे आवश्यक आहेत, परंतु दोहोंपैकी एकानेही सहनक्षमता मोजली जात नाही.

पाऊस हे आघाताचे माप आहे, अंगातील बळाचे नव्हे. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या वेळी शहरातील जुन्या पर्जन्यनलिका तासाला सुमारे २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेता येईल अशा बेताने बांधलेल्या होत्या, आणि पुढे ही मर्यादा ५० मिलिमीटरपर्यंत वाढविण्याची योजना हाती घेण्यात आली. विचारावयाचा प्रश्न 'पाऊस किती पडला' एवढाच नसून 'आमची गटारे किती पावसासाठी बांधली आहेत' हाही आहे. हा दुसरा आकडा आपल्या गल्लीपुरता तरी किती व्यापाऱ्यांस ठाऊक असेल?

रुपयांतील नुकसानीचा आकडा तर अधिकच फसवा. समजा एका गल्लीची रोजची उलाढाल दहा लाख रुपयांची आहे. त्यापैकी नऊ लाख ऐंशी हजार वीस मोठ्या दुकानांची, आणि उरलेले वीस हजार चाळीस हातगाडीवाल्यांची. पुरात चाळीसही हातगाड्या वाहून गेल्या आणि दुकाने मात्र वाचली, तर गल्लीची उलाढाल केवळ दोन टक्क्यांनी घटली असे कागदावर दिसेल. परंतु चाळीस कुटुंबांची चूल शंभर टक्के विझलेली असेल. सरासरी ही अशी पांढरी चादर आहे की तिच्याखाली झाकलेली दुःखे दिसत नाहीत. म्हणून नगराची सहनक्षमता मोजताना एकूण बेरीज पाहावी, पण त्याबरोबर सर्वांत दुबळ्या घराची नोंद स्वतंत्र ठेवावी. साखळीचे बळ तिच्या सर्वांत कच्च्या कडीइतकेच असते, बाजाराचेही तसेच. हमाल कामावर आला नाही, हातगाडी चालली नाही, तर मोठ्या वखारीतील सुरक्षित मालही ग्राहकापर्यंत पोहोचत नाही.

घसरण आणि काळ

आता योग्य मापाकडे वळू. भूकंपाच्या संदर्भात मिशेल ब्रुनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक सोपी पण मार्मिक कल्पना मांडली, आणि पुढे ती पुरासही लागू करण्यात आली. कोणत्याही व्यवस्थेचे नित्याचे काम शंभर टक्के धरावे. आघात झाला की ते काम एकदम खाली येते. मग हळूहळू वर चढत पुन्हा शंभरावर पोहोचते. कागदावर ही आकृती काढली तर एक त्रिकोण दिसतो. त्याची उंची म्हणजे घसरण, त्याचा पाया म्हणजे सावरण्यास लागलेला काळ, आणि त्याचे क्षेत्रफळ म्हणजे समाजाने भोगलेली एकूण हानी. त्रिकोण जितका लहान, तितकी सहनक्षमता मोठी.

उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा दोन बाजार आहेत. पहिल्या बाजाराचा व्यवहार पुरामुळे साठ टक्क्यांनी घसरला, परंतु दहा दिवसांत पूर्ववत् झाला. दुसऱ्या बाजाराचा केवळ तीस टक्क्यांनी घसरला, पण पूर्ववत् होण्यास चाळीस दिवस लागले. पहिल्याच दिवशी पाहणाऱ्यास पहिला बाजार अधिक बुडालेला दिसेल. परंतु त्रिकोणाचे क्षेत्रफळ काढा. पहिल्याचे साठ गुणिले दहा भागिले दोन, म्हणजे ३००. अर्थात तीन पूर्ण दिवसांचा धंदा गेला. दुसऱ्याचे तीस गुणिले चाळीस भागिले दोन, म्हणजे ६००. अर्थात सहा पूर्ण दिवसांचा धंदा गेला. ज्याची घसरण निम्मी होती, त्याची हानी दुप्पट झाली. हानीच्या वहीत 'दिवस' हा रकाना नसेल, तर ती वही अपुरी आहे.

हा त्रिकोण लहान करण्याचे चार उपाय शास्त्रज्ञ सांगतात. पहिला उपाय दृढपणा : जोते उंच, भिंत पक्की. दुसरा पर्यायाची सोय : एक रस्ता बंद झाला तर दुसरा असावा, एका वखारीत पाणी शिरले तर सर्वच माल तेथे नसावा. तिसरा उपाय म्हणजे प्रसंगावधान व साधने : पंप कोठे आहे, तो कोण चालवील, मजूर कोण बोलावील. चौथा शीघ्रता : सावरण्याच्या कामास पहिल्या तासापासून आरंभ. पहिल्या उपायाने त्रिकोणाची उंची घटते, चौथ्याने त्याचा पाया घटतो आणि मधले दोन दोहोंस साहाय्य करतात. आपल्याकडे बहुतेक पैसा व बहुतेक विचार पहिल्याच उपायावर खर्च होतो.

केवळ दृढपणावर विसंबण्यात कसा धोका असतो, हे सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांवरून दिसते. जमिनीखालील या पेवांत हळद दीर्घकाळ उत्तम टिकत असे, आणि पिढ्यान्‌पिढ्या व्यापाऱ्यांचा त्यांवर भरवसा होता. कीड व हवामान यांपासून माल राखण्यात या पेवांची कीर्ती मोठी. परंतु २००५ च्या महापुराचे पाणी त्यांत शिरले, आणि त्यानंतर त्यांचा उपयोग झपाट्याने मागे पडला. एका संकटापासून उत्तम रक्षण करणारी व्यवस्था दुसऱ्या संकटात टिकेलच असे नाही.

पूर येण्यापूर्वीचे मोजमाप

येथे एक अडचण उभी राहते. त्रिकोण काढावयाचा तर पूर येऊन जावा लागतो. परंतु वैद्याने रोग्याच्या मृत्यूनंतर नाडी पाहून काय उपयोग? म्हणून पूर येण्याआधीच सहनक्षमतेचा अंदाज करणारी मापे गेल्या काही वर्षांत तयार झाली आहेत.

त्यांपैकी एक व्यापाऱ्यांस विशेष रुचेल, कारण त्याचा पाया भांडवलाच्या कल्पनेवर आहे. झुरिक येथील विमासंस्थेच्या पुढाकाराने २०१३ पासून काम करणाऱ्या पूरसहनक्षमता संघाने प्रत्येक वस्तीची पाच भांडवले मानली आहेत. मानवी भांडवल म्हणजे लोकांचे ज्ञान, आरोग्य व कौशल्य. सामाजिक भांडवल म्हणजे परस्परांवरील विश्वास आणि मदतीस धावून येणारी मंडळे. नैसर्गिक भांडवल म्हणजे नद्या, तलाव, वृक्ष व मोकळी जमीन. भौतिक भांडवल म्हणजे रस्ते, गटारे, घरे व वीज. आर्थिक भांडवल म्हणजे बचत, कर्जाची सोय व विमा. या पाचांखाली प्रथम ८८ बाबी मोजल्या जात. अनुभवानंतर त्या ४४ करण्यात आल्या. प्रत्येक बाबीस ए पासून डी पर्यंत श्रेणी दिली जाते, आणि पूर येऊन गेल्यावर त्या श्रेणी कितपत खऱ्या ठरल्या हे पुन्हा तपासले जाते. ज्याच्या तिजोरीत पैसा आहे पण शेजाऱ्याशी बोलणे नाही, त्याची पाचांपैकी एकच बाजू भक्कम आहे, हे या मापावरून सहज उमजते.

संपूर्ण शहरासाठी दुसरी मापे आहेत. रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने आरूप या संस्थेने तयार केलेल्या निर्देशांकात चार विभाग, बारा उद्दिष्टे व ५२ निदर्शके आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या आपत्तिनिवारण कार्यालयाने दहा आवश्यक बाबींवर आधारलेले गुणपत्रक शहरांना उपलब्ध करून दिले आहे. या बाबतीत इंदूर अगदी अनोळखी नाही, हे सांगण्यास आनंद वाटतो. हवामानबदलास तोंड देण्याची शहरांची तयारी वाढविण्यासाठी रॉकफेलर फाउंडेशनने २००८ मध्ये आशियात जो उपक्रम आरंभिला, त्यात भारतातून प्रथम तीन शहरे निवडली गेली : सुरत, गोरखपूर आणि इंदूर. सुरतेने तर २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्यामुळे शहराचा बहुतेक भाग जलमय झालेला पाहिला होता. तेथे महानगरपालिका व दक्षिण गुजरातचे व्यापारी चेंबर यांनी एकत्र बसून धरणात येणाऱ्या पाण्याचा अंदाज आधी मिळण्याची व्यवस्था उभारण्यात भाग घेतला. पुराचा इशारा हा व्यापाराचाच विषय आहे, हे तेथील व्यापाऱ्यांनी ओळखले.

नदीकाठच्या शेजाऱ्यांचे शहाणपण

इंदूरच्या पुराविषयीचा एक महत्त्वाचा अभ्यास कॅरोलिन स्टीफन्स व त्यांचे सहकारी यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी मोठ्या इमारतींकडे न पाहता येथील नाल्यांच्या व नद्यांच्या काठी राहणाऱ्या गरीब कुटुंबांस विचारले की, तुम्ही येथे का राहता आणि पाणी आल्यावर काय करता? उत्तर विचार करावयास लावणारे होते. जागा स्वस्त, काम व बाजार जवळ, शाळा व दवाखाने हाताशी. म्हणून पाण्याचा त्रास त्यांनी समजूनउमजून पत्करलेला होता. आणि तयारी? जोते उंच केलेले, विजेच्या तारा व फळ्या पाण्याच्या संभाव्य पातळीच्या वर लावलेल्या, वाहून जाणार नाही असेच सामान घेतलेले, आणि मौल्यवान वस्तूंची पेटी भरून तयार. पाणी चढू लागले की प्रथम मुले, वृद्ध व जनावरे उंचावर. मग विजेची उपकरणे. त्यानंतर हलक्या किमती वस्तू व भांडी. कपडे सर्वांत शेवटी, कारण ते भिजले तरी वाळतात.

हा क्रम ज्याने ठरविला, त्याच्यापाशी पैसा नसेल. परंतु व्यवहारज्ञान आहे. आपल्या किती पेढ्यांत पाणी आल्यास प्रथम काय उचलावयाचे याचा क्रम ठरलेला आहे? अर्थात यावरून, गरिबांस सवयच आहे, त्यांना तेथेच राहू द्यावे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. सोसण्याची सवय म्हणजे सुरक्षितता नव्हे. त्याच अभ्यासात असेही आढळले की, जुन्या रहिवाशांस पूरभरपाई मिळविण्याची पद्धत ठाऊक झाली होती आणि त्यामुळे सर्वांत धोक्याच्या जागी घर बांधण्यास उलट उत्तेजनच मिळत होते. म्हणजे मदत कशी दिली जाते, हीसुद्धा मोजण्याची गोष्ट आहे.

इंदूरचा आणखी एक अनुभव याच संदर्भात नमूद करावयास हवा. अभियंते हिमांशू पारीख यांच्या योजनेनुसार येथील गरीब वस्त्या नद्यांच्या नैसर्गिक उताराशी जोडून तेथे रस्ते, मलवाहिन्या व पाणी यांची सोय करण्यात आली. रस्ते घरांच्या जोत्यापेक्षा खाली ठेवले, म्हणजे मुसळधार पावसात रस्ताच पाण्याची वाट व्हावा. या कामास १९९८ मध्ये वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. कल्पना उत्तम होती. परंतु पुढे काही अभ्यासकांनी दाखवून दिले की, देखभालीच्या अभावी ठिकठिकाणी मलवाहिन्या तुंबल्या आणि रहिवाशांस अपेक्षित लाभ झाला नाही. बांधकामाच्या दिवशी केलेले मोजमाप दहा वर्षांनी उपयोगी पडत नाही. खतावणी दरवर्षी नव्याने लिहावी लागते. त्याहीपूर्वी, १९१८ मध्ये, होळकर दरबारास सादर केलेल्या आपल्या प्रसिद्ध अहवालात पॅट्रिक गेडिस यांनी इंदूरच्या नद्यांची स्वच्छता व त्यांच्या काठी उद्याने यांचा आग्रह धरला होता. नदीस पसरण्याची जागा ठेवणे हा सर्वांत जुना आणि सर्वांत स्वस्त पूरविमा आहे.

स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आपल्या शहराने २०१७ पासून सलग अनेक वर्षे प्रथम क्रमांक मिळविला. कचऱ्याने नाले तुंबत नाहीत, हा त्याचा पूरनिवारणासही लाभ आहे. परंतु त्यातून एक धडाही घ्यावा : जे दरवर्षी मोजले गेले, गुण देऊन जाहीर केले गेले, त्यात शहराने प्रगती केली. पुराची तयारीही त्याच नेमाने मोजली गेली, तर प्रगती होणार नाही असे कोण म्हणेल?

आपल्या बाजाराचे माप

हे मोजमाप आपल्या बाजारापासून आरंभता येईल. पुढील प्रश्नांची उत्तरे प्रत्येक सभासदाने एका पानावर लिहून ठेवावी.

१. आजवर दुकानात चढलेल्या सर्वांत उंच पाण्याची खूण भिंतीवर आहे काय? त्या खुणेच्या खाली आज किती रुपयांचा माल आहे?

२. तळघरात काय ठेवले आहे? विजेचा मुख्य खटका जमिनीपासून किती उंचीवर आहे?

३. पाणी येऊ लागल्यास पहिल्या अर्ध्या तासात काय उचलावयाचे, कोणी उचलावयाचे, आणि ते कोठे न्यावयाचे? दुकान बंद असताना, रात्री, किल्ली कोणाजवळ?

४. हिशेबाच्या व उधारीच्या नोंदींची प्रत दुसऱ्या ठिकाणी आहे काय? माल गेला तर पुन्हा येतो. येणे कोणाकडे किती, हेच ठाऊक नसेल तर धंदा पुन्हा उभा राहणे कठीण.

५. विम्यात पुराची जोखीम अंतर्भूत आहे काय? १ एप्रिल २०२१ पासून लहान उद्योगांसाठी सुरू झालेल्या 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' व 'भारत लघु उद्यम सुरक्षा' या पॉलिसींत पुराचा समावेश आहे. परंतु जुन्या वा वेगळ्या पॉलिसीत तो असेलच असे गृहीत धरू नये. तसेच दहा लाखांच्या मालाचा पाच लाखांचाच विमा उतरविला असेल, तर दोन लाखांच्या नुकसानीवर सामान्यतः एकच लाख हाती येते, हे विसरू नये.

६. दुकान दहा दिवस बंद राहिल्यास गुमास्ते, हमाल व त्यांची कुटुंबे कशी जगतील? त्यासाठी काही रक्कम बाजूस काढली आहे काय?

खर्चाचे भय वाटत असल्यास एक लहानसा हिशेब मांडू. 'पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर' याचा अर्थ तो आज आला की पुढे चोवीस वर्षे निश्चिंती असा नव्हे. दरवर्षी तो येण्याचा संभव चार टक्के असतो, आणि पंचवीस वर्षांत निदान एकदा तरी येण्याचा संभव चौसष्ट टक्के. समजा अशा पुरात एका दुकानाचे पाच लाखांचे नुकसान होईल. तर चार टक्क्यांच्या हिशेबाने त्या दुकानावर दरवर्षी वीस हजारांचा अदृश्य खर्च पडतच आहे, जरी तो रोजमेळात लिहिला जात नसला तरी. मांडण्या उंच करून व दाराशी पाणी अडविण्याची फळी बसवून साठ हजारांत हे नुकसान एका लाखावर आणता आले, तर अदृश्य खर्च चार हजारांवर येतो. वर्षास सोळा हजार वाचतात, आणि चार वर्षांच्या आतच खर्च भरून निघतो. इतका चांगला सौदा बाजारात नेहमी मिळत नाही.

घरातील स्त्रियांनीही हीच यादी घरापुरती करावी : वृद्धांची औषधे, मुलांची प्रमाणपत्रे, मालमत्तेचे कागद, दोन दिवसांचे पिण्याचे पाणी. इंदूरचे बरेचसे पाणी सत्तर किलोमीटरांवरील जलूद येथून नर्मदेतून पंपाने उचलून आणावे लागते. ही योजना १९७८ पासून शहरास जगवीत आहे. परंतु वीज खंडित झाली तर भोवताली पाणीच पाणी असूनही नळ कोरडा राहू शकतो. म्हणून घरातील साठ्याचीही नोंद या मापात असावी.

संघाने याहून एक पाऊल पुढे जावे. ज्येष्ठात, पाऊस सुरू होण्यापूर्वी, बाजारातील सर्व दुकानांची ही पाने एकत्र करून एक 'पूरवही' तयार करावी. कोणत्या गल्लीत पाणी आधी चढते, कोणाकडे पंप आहे, कोणाचा वरचा मजला रिकामा आहे, कोणते गटार कोठे तुंबते, हे तीत लिहावे आणि त्याची प्रत महानगरपालिकेस द्यावी. पाऊस संपल्यावर, दिवाळीत नव्या वह्या मांडताना, ती वही पुन्हा उघडून पाहावे : कितीजणांचे नुकसान झाले, कोण किती दिवसांत सावरले, आणि सर्वांत शेवटी कोण सावरले. त्या शेवटच्या मनुष्याचे नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहावे, आणि पुढील वर्षाच्या तयारीस त्याच्याच दारापासून आरंभ करावा. त्याला सावरण्यास जितके दिवस लागले, तितकेच आपल्या बाजाराचे खरे माप.